लाल पेन्सिल

निवृत्तीला महिना उरलेल्या प्रोग्रामरकाकांना आपल्या जागी खणखणीत माणूस हवा होता. परीक्षेसाठी कंपनीच्या मालकांनी स्वतःच लिहिलेला, रुग्णालयांना विकलेला कोड छापून ठेवला. शेजारी टोकदार लाल पेन्सिल. ‘चुका काढा.’ मालकांकडे पाहून आठ उमेदवारांनी ‘वा, काय सफाई!’ म्हणत पेन्सिलीला हातही लावला नाही. नववी आली, तिने नाक मुरडलं. ‘शी! कुणी लिहिलंय हे? एकाच नावाचे दोन रुग्ण आले, तर याचं औषध त्याला जाईल की!’ पेन्सिल बोथट होईपर्यंत तिने कागद रंगवला. ती जाताच मालक फणकारले, ‘फार शहाणी दिसते! काय म्हणता, काका?’ सहा वर्षं ती चूक पोटात ठेवलेल्या काकांनी उमेदवारांची यादी पुढे ओढली. ‘तुम्ही म्हणाल तसं,’ म्हणत त्यांनी त्याच पेन्सिलीने तिच्या नावावर काट मारली. मग दहाव्यासाठी पेन्सिलीला पुन्हा टोक काढलं.