तात्यांचं दार

“उघडा ना पाव्हणं दार! घरच्या माणसाला काय ताटकळत ठेवता?” कोंडाजी तात्या मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले.

तात्यांच्या शेतात पाणी सोडायच्या लोखंडी दाराची चावी वाल्मीकच्या हातात होती. पायाशी कालव्याची चारी तुडुंब वाहत होती, आणि गडी मात्र चावी या हातातून त्या हातात करत होता. करणारच! समोर उभे होते ते त्याचे होणारे सासरे. म्हणजे, झाले तर.

त्र्याऐंशी सालचा हिवाळा. नाशिकला गंगापूर रोडवरच्या प्रशिक्षण केंद्रात पाटबंधारे खात्याच्या तरुण ओव्हरसियरांना पाणीवाटप शिकवणं चाललं होतं. देवरे साहेब रोज फळ्यावर शेजपाळी समजावून सांगत. चारीच्या टोकाच्या शेताला पाणी आधी. मग एकेक दार उघडत वर यायचं. तोंडाशी बसलेल्याला सगळ्यात शेवटी. फळ्यावर हे फार सोपं होतं. मग साहेबांनी चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एकेक चारी चालवायला दिली, आणि नशीब बघा, वाल्मीकला नेमकं तात्यांचं गाव आलं. चारीच्या तोंडाशी पहिलंच शेत तात्यांचं.

याच गावात तो दिवाळीनंतर मुलगी बघून गेला होता. चांगुणा चहा घेऊन आली, एकदा मान वर करून तिनं पाहिलं, आणि आमचा येवल्याचा पठ्ठ्या तिथंच गारद झाला. मग काय! तात्या म्हणाले, यंदा कांद्याला भाव येणार. हा म्हणाला, “बरोबर आहे, तात्या.” थोड्या वेळानं तात्या म्हणाले, कांद्यात काही राम नाही. हा म्हणाला, “बरोबर आहे, तात्या.” तेव्हा चांगुणानं जी आढ्याला नजर लावली, ती पाहुणे उठेपर्यंत खाली आणली नाही. होकार अजून अडकलेलाच होता. तात्या गावात वाघ, पण घरात लेकीपुढं मांजर. आणि लेकीनं तर आजवर स्थळांमागून स्थळं परत धाडली होती. का, ते कुणाला सांगायला ती तयार नव्हती.

“कांदा सुकतोय माझा,” तात्या आता जरा जवळ सरकले. “चार घटका उघडलं तर कुणाच्या बापाचं काय जातंय? बघतंय कोण?”

बघत होते की! पलीकडच्या बांधावर देवरे साहेब आणि सगळा वर्ग ओळीनं उभा होता. मागून कुणीतरी हळूच ‘शुभमंगल सावधान’ म्हटलं. साहेबांनी हसू दाबलं.

“काय करायचं ते मी सांगणार नाही बरं का,” ते म्हणाले. “चावी तुझ्याकडे आहे.”

आणि चारीच्या पार टोकाला गोजराबाई फावडं घेऊन उभी होती. दरवर्षी तात्यांचं दार आधी उघडायचं, मग त्यांच्या खालच्यांचं, आणि पाणी तिच्या वावरापर्यंत यायच्या आत वरून कालवाच बंद व्हायचा. वाल्मीक सकाळी तिला म्हणाला होता, “मावशी, यंदा पहिलं पाणी तुमचं.” म्हातारीनं नुसतं हसून घेतलं होतं. असं बोलणारे तिनं पुष्कळ पाहिले होते.

वाल्मीकनं तात्यांकडे पाहिलं. डोळ्यांपुढं चांगुणा आली. त्याचा जीव अगदी कळवळला. पोरगी खरंच मनात भरली होती हो! मग त्यानं दाराचं कुलूप एकदा ओढून पाहिलं आणि चावी खिशात टाकली.

“नाही, तात्या. तुमची पाळी शेवटी.”

तात्यांच्या मिशीतलं हसू मावळलं. हा शब्द त्यांच्या कानाच्या सवयीचा नव्हता. “बरं,” एवढंच म्हणून ते घराकडे चालू लागले.

त्या दिवशी मेसमध्ये पोरांनी आपापल्या ताटातली जिलबी उचलून वाल्मीकच्या ताटात टाकली. “खाऊन घे बाबा. तुझ्या लग्नाची हीच.” तो हसला, आणि जिलब्या तशाच ताटात ठेवून उठला.

पाणी टोकाला पोचलं. गोजराबाईचा गहू भिजला. मग एकेक दार करत पाळी वर सरकत आली, आणि ठरल्या सकाळी वाल्मीकनं स्वतःच्या हातानं तात्यांचं दार उघडलं. तात्या बांधावर पाठ करून बसले होते. पाणी कांद्याच्या वाफ्यात शिरलं तरी वळले नाहीत. वाल्मीक खाली मान घालून निघाला, तेव्हा मागून खाकरण्याचा आवाज आला.

“थांबा. पोरीचा निरोप हाय.” तात्यांनी कडू काढा प्याल्यासारखं तोंड केलं. “ती म्हणती, आलेला जो तो तुमच्या हो ला हो करत बसला. माझ्या बापाला नाय म्हणणारा जन्मात एकच भेटला. त्याला आता मी कशी नाय म्हणू?”

वाल्मीक दोन ढांगांत बांधावर आला.

“लय हट्टी पोर हाय ती,” तात्या पुटपुटले. “जड जाईल तुम्हाला.”

“बरोबर आहे, तात्या!” जुन्या सवयीनं वाल्मीकच्या तोंडून निघून गेलं.

तात्या ताडकन उठले आणि त्यांनी घाबऱ्या घाबऱ्या घराकडे पाहिलं.

“हळू बोला, पाव्हणं! तिनं ऐकलं तर मोडंल.”