एक ससा कमी

"सांगून कुणाचा विश्वास बसायचा नाही!" बुटांवरचा बर्फ दारातच झटकत अब्राहम आजोबा गरजले. नातीच्या लाडूला सशांच्या जीवघेण्या साथीची लस मिळावी म्हणून ते सकाळीच पिंजरा गाडीत टाकून मार्कहॅमहून ग्वेल्फला गेले होते.

"हायवेवर एवढा बर्फ, की हरणंसुद्धा विंटर टायर लावून पळत होती! तरी पोचलो. लसीची एक बाटली दहा सशांची. उघडली की तिथल्या तिथे संपवायची, म्हणून दहा जमल्याशिवाय डॉक्टरीणबाई हात लावत नाहीत. आम्ही नऊजण ससे मांडीवर घेऊन तयार, आणि एक गाढव आलं रिकामा पिंजरा घेऊन! ससा घरीच विसरलं! सगळ्यांना तसंच परत पाठवलं. आता पुढची तारीख थेट एप्रिलात. तोवर आपल्या लाडूला काही झालं तर? असा झापला मी त्या माणसाला!"

बेसमेंटच्या पायऱ्या चढून अडिना वर आली. तिच्या हुडीच्या खिशातून दोन लांब कान डोकावत होते.



"आजोबा, लाडू तर सकाळपासून माझ्याकडेच आहे. सो द गाढव वॉज... यू?"