चढ नको, चौकशा नकोत

‘आणि रस्त्यांना चढ आहे का?’ बायकोने विचारलं.

त्याने अजून बूटही काढले नव्हते. पाठीवरची पिशवी पाठीवरच होती.

‘अगं, आत तर येऊ दे.’

‘ये की. नाही कोण म्हणतंय? चढ आहे का, एवढंच सांग.’

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कंपनीने बढती देऊ केली होती आणि तीन शहरं पुढे ठेवली होती. एक बंदराचं, एक डोंगरातलं, एक गिरण्यांचं. कुठलं हवं ते सोमवारी कळवायचं होतं. त्याला तिन्ही सारखीच. ‘आपल्याला काय, कुठेही गेलो तरी वर-खालीच करायचंय,’ असं तो म्हणाला होता. पण बायकोने मात्र यात जीव ओतला होता. ती आईविना वाढलेली. ती लहान असतानाच आई तापाने वारली, असं सासऱ्यांनी लग्न ठरवतानाच सांगितलं होतं. हट्ट करायची तिला सवयच नव्हती. आज पहिल्यांदा काही मागतेय, तर मागू दे, म्हणून तो सुट्टी काढून शहरं बघत हिंडत होता.

‘चढच चढ आहे,’ तो बूट काढत म्हणाला. ‘पण हवा अशी, की पोरीचं नाक दोन दिवसांत वाहायचं थांबेल.’

‘मग ते नकोच. गुडघ्यांचे हाल होतील.’

त्याने वर पाहिलं. लिफ्टवाल्याच्याच इमारतीतली लिफ्ट कायम बंद, आणि ही कडेवर पोर घेऊन चार मजले धाप न लागता चढायची.

‘कुणाच्या गुडघ्यांचे?’

‘वय काय थांबून राहतंय?’ ती म्हणाली आणि पोरीचं तोंड पुसायला वळली.

बायका लांबचं बघतात, त्याला वाटलं. त्याने विषय सोडून दिला.

बंदराच्या शहराचंही असंच झालं होतं. त्याने समुद्राकाठच्या बागेचं, बालवाडीचं सगळं वर्णन केलं. तिने ऐकून घेतलं आणि भलतंच विचारलं.

‘तिथे घरबसल्या शिवणकाम मिळतं का?’

‘तुला? माझ्या शर्टाची बटणंसुद्धा मीच लावतो.’

‘मिळतं की नाही?’

‘बघितलं नाही बुवा.’

‘आणि बाईमाणसाला चहा पीत एकटीने निवांत बसता येईल, अशी जागा?’

‘तू चहा कुठे पितेस?’

‘तुला ना, काही विचारायची सोय नाही,’ ती म्हणाली. पण तिचा चेहरा पडला होता. दुसऱ्या दिवशी त्याने कंपनीच्या तिथल्या कामगाराला फोन करून दोन्ही गोष्टी विचारल्या. आपण बायकोसाठी चहाच्या जागा शोधतोय, हे सांगताना त्याला लाज वाटली, पण विचारलं.

गिरण्यांच्या शहरात त्याचा जुना मित्र होता. सगळे त्याला ‘पाना’ म्हणायचे, कारण पाना हातात नसला की त्याला बोलायचंच सुचायचं नाही. सुट्टी संपली होती, तेव्हा ते शहर फोनवरच बघायचं ठरलं. फोनचा आवाज मोठा करून दोघं स्वयंपाकघरात बसले.

‘वहिनी, रस्ते सपाट आहेत. पोळपाटासारखे,’ पाना म्हणाला. ‘शिवणकाम तर पोत्याने. फक्त माणसं कोरडी. शेजारी मेला तरी वास येईस्तोवर कुणाला पत्ता नसतो.’

‘म्हणजे चौकशा करत नाहीत?’

‘कोण कुठली, कुणाची, कुण्णी विचारत नाही.’

बायकोने सुस्कारा सोडला. मग तिने पदर बोटाला गुंडाळला.

‘भाऊजी, एकट्या बाईला भाड्याने खोली देतात का हो तिथे?’



‘देतात की. गिरण्यांमुळे घरमालकांना सवय आहे. का हो वहिनी, आमचा गडी त्रास देतो की काय?’

पाना हसला. बायकोही हसली. त्याला हसता आलं नाही.

लिफ्टचा दोर एकदम तुटत नाही. आधी एक तार सुटते, मग दुसरी. वरून बघणाऱ्याला दोर चांगला जाडजूड दिसतो. हे तो नव्या पोरांना शिकवायचा. आता तोच कामावर असला की आठवत बसायचा, कुठली तार कधी सुटली. पोर झाल्यावर आपण तिच्याशी नीट बोललो का? घरात असूनही ती मधूनच खिडकीबाहेर बघत राहते, तेव्हा ‘काय झालं’ म्हणून कधी विचारलं? घरी आल्यावर तिच्या हातातलं भांडं घेऊन तो स्वतः घासायला लागला. ‘आज सूर्य कुठून उगवला?’ ती म्हणाली. ते ऐकून त्याला आणखीच भरून आलं. ही गेल्यावर असं कोण बोलणार?

रविवारी दुपारी ती खिडकीशी बसून पोरीचे केस विंचरत होती. पोर पेंगत होती. तो समोर जमिनीवर बसला.

‘उद्या कळवायचंय.’

‘हं.’

‘त्याआधी एक खरं सांग. ती खोली… तू आम्हाला सोडून जाणार आहेस का?’

तिचा हात थांबला. तिने पोरीला उराशी ओढलं.

‘वेडा आहेस का तू? हिला सोडून? आईला ते कसं जमतं, हेच तर मला अजून कळलेलं नाही.’

‘मग एकटी बाई कोण?’

ती बाहेर रस्त्याकडे बघत राहिली.

‘माझी आई वारली नाही,’ ती म्हणाली. ‘ताप वगैरे बाबांनी लोकांसाठी रचलं. ती निघून गेली. गुडघे, शिवणकाम, एकटीचा चहा; मला जेवढी आठवते, तेवढी सगळी तुला सांगून झालीय. आता तूच सांग, या तिन्हींतलं कुठलं शहर तिने निवडलं असेल?’