पहिली खुर्ची

गावच्या सोसायटीची एक जुनी रीत होती. ठराव कोणताही असो, सभेत अगदी पुढच्या खुर्चीवर जो बसेल त्याचं नाव सेक्रेटरी गजेंद्र अनुमोदक म्हणून लिहून मोकळा व्हायचा. जानरावांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती खुर्ची कायम त्यांचीच.

गेल्या सभेत सोसायटीचं गोदाम अध्यक्षांच्याच वावरात बांधायचा ठराव आला. तेव्हा जानराव "नाई म्हंजे नाई!" असं ओरडले, की घरी त्यांच्या बायकोला, पार्वताबाईंना, ऐकू गेलं. इतिवृत्तात मात्र छापून आलं, 'सर्वानुमते मंजूर. अनुमोदक : जानराव.' बातमी पार वलगावच्या पानठेल्यापर्यंत पोचली. जो तो विचारायचा, "काय जानरावभाऊ, तुमीबी फुटले काय?"

म्हणून या सभेत जानराव पहिल्याच विषयाला उठले. "मी अनुमोदन देलंच नाई, तं माहं नाव काहून टाकलं बे? आत्ताच्या आत्ता दुरुस्ती कर, नाईतं सभा चालू देत नाई!"

"करतो ना काका, सगळ्यांसमोरच करतो," गजेंद्र नरमला. त्यानं दुरुस्ती मांडली, साऱ्या सभेनं हात वर केले, अध्यक्षांनीसुद्धा. जानराव मिशीवर ताव देत आपल्या खुर्चीवर टेकले. गजेंद्रनं लिहिलेलं त्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात वाचून दाखवलं :



"मागील ठरावास जानरावांनी अनुमोदन दिलेले नाही, ही दुरुस्ती सर्वानुमते मंजूर. अनुमोदक : जानराव."