चढ सांगायचा नाही

"डावीकडे वळण. पुढे खड्डा," तो मोठ्याने म्हणाला.

शेजारून धावणाऱ्या माणसाने कानातलं गाणं काढलं. "मला म्हणालात?"

"नाही. चालू द्या."

वसंतातली ही पहिलीच शर्यत होती आणि तो आयुष्यात पहिल्यांदा एकटा धावत होता. त्याच्या बायकोला दिसत नसे. मला पळायचंय, हा हट्ट तिचाच. मग दोघं वीतभर दोरीने बांधून घेऊन पळायला लागली. एक टोक तिच्या डाव्या हातात, दुसरं त्याच्या उजव्या. तो तिचा वाटाड्या. वळण, खड्डा, गतिरोधक, पाण्याचं टेबल, सगळं तोंडाने सांगायचं. वाटाड्याने धावणाऱ्याला ओढायचं नाही आणि शेवटची रेषा तिच्या आधी ओलांडायची नाही, असे शर्यतीचे नियम. ते त्याने कधी मोडले नाहीत. तिने वर आपला एक नियम घातला होता. "अहो, बाकी सगळं सांगा. चढ तेवढा सांगायचा नाही. सांगितला की पाय आधीच घाबरतात."

थंडीत ती गेली. साधा ताप म्हणता म्हणता छातीत उतरला. तेव्हापासून त्याला काही वाटेनासं झालं. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर जाऊ लागला, जेवू लागला, झोपूही लागला. एकदा लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईंना त्याने बाहेर काढलं. त्या हमसून रडत होत्या आणि तो हातातला पाना पुसत नुसता उभा होता. मुलगी म्हणायची, "बाबा, एकदा रडून तरी घ्या." तो म्हणायचा, "बघू." जणू गळका नळ दुरुस्त करायचा राहिला होता.

त्यांच्या धावण्याच्या गटात दोघांना टोपणनावं होती. तो इंजिन, ती डबा. बारसं दातांच्या डॉक्टरने केलं होतं. तिला त्याचा राग नव्हता. "माझ्या डब्याला खिडक्या नाहीत एवढंच," असं म्हणून तीच सगळ्यांच्या आधी हसायची.

ती गेल्यावर याच डॉक्टरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माणूस वाईट नव्हता, जिभेला हाड नव्हतं इतकंच.

"झालं ते वाईटच झालं. पण आता तुझा खरा वेग तरी दिसेल. इतकी वर्षं डबा जोडून पळालास."

बाकीचे बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकले. त्याला मात्र राग आला नाही, कारण त्याच्याही मनात चोर होता. तरणीताठी माणसं बाजूने सुसाट निघून जायची तेव्हा त्याला वाटायचं, मी एकटा असतो तर? आता तो एकटा होता. आपण वेगवान निघालो, तर वाया गेलेल्या वर्षांची हळहळ वाटेल. तिचा रागसुद्धा येईल. येऊ दे. काहीतरी तर येईल!

म्हणून तो सकाळी उठून पळू लागला. झाडांना पालवी फुटत होती, ती त्याला दिसत होती आणि तेवढंच. पहिल्या शर्यतीत तो तिच्याबरोबर धावायचा त्याहून हळू धावला. सराव कमी पडला, म्हणून त्याने सराव वाढवला. दुसऱ्या शर्यतीत आणखी हळू. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणून त्याने बूट बदलले. हृदय तपासून घेतलं. ते ठणठणीत होतं. "वय झालं रे," गटातला दातांचा डॉक्टर म्हणाला, पण गेल्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या वयात असा काय फरक पडणार होता?

हंगामातली शेवटची शर्यत त्या दोघांच्या जुन्याच रस्त्यावर होती. शेवटच्या टप्प्यात पाण्याच्या टाकीकडे जाणारा लांबलचक चढ. इथे तिला वर आणली याचा त्याला दर वर्षी अभिमान वाटायचा. आज चढ दिसला आणि त्याचे पाय जड झाले. अर्ध्यावर ते थांबलेच. माणसं दोन्ही बाजूंनी पुढे जात राहिली.

नकळत त्याचा उजवा हात दोरी धरावी तसा उचलला गेला.

हात शेजारी गेला नाही. मागे तर नाहीच. तो पुढे गेला.

तो हाताकडे बघत राहिला. या चढावर दोरी नेहमी पुढेच ताणलेली असायची. चढ दिसायचा त्याला. घाबरायचा तो. तिला सपाट रस्ता आणि चढ सारखाच, ती आपली त्याच चालीने निघालेली असायची, आणि तो तिच्या मागून. वाटाड्याने ओढायचं नाही, असा नियम होता. धावणाऱ्याने वाटाड्याला ओढू नये, असा नियम कुणी केलाच नव्हता.

त्याने हात तसाच पुढे धरला, डोळे मिटले आणि धावू लागला. पायांना कुणी काही सांगितलं नाही.

वर पोचल्यावर त्याने डोळे उघडले. ते भरून आले होते, समोरचं नीट दिसत नव्हतं. रेषेजवळ लोक टाळ्या वाजवत होते. तो धावत आला आणि रेषेच्या अलीकडे एक पाऊल थांबला. उजवा हात पुढे, गालांवरून पाणी वाहतंय.

पदकं वाटणारी मुलगी घाबरून पुढे आली. "काका, बरं वाटत नाहीये का? एकच पाऊल राहिलंय. या ना!"

"थांब पोरी," तो म्हणाला. "आधी इंजिन जाऊ दे."