जगवलेलं रोप

काकू गेल्यावर त्यांनी फुटपाथवर लावलेलं रोप काका जिवापाड जपत. ते ऑपरेशनसाठी दवाखान्यात निघाले, तेव्हा “पाण्याचं आम्ही बघतो,” असं अख्खी गल्ली म्हणाली. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणीतरी घालतंय. रोप वाळून काडी झालं. मग समोरच्या शिंपीणबाईंनी धावाधाव करून हुबेहूब तसंच रोप आणलं, सगळ्यांनी मिळून लावलं, आधाराच्या काठीला जुनीच चिंधी बांधली.

काका परतले. पानांवरून हात फिरवत म्हणाले, “छान जगवलंत हो!”

शिंपीणबाईंचा जीव भांड्यात पडला.

काकांनी चिंधीची गाठ घट्ट केली. “तुमची काकू दवाखान्यात होती तेव्हा माझ्याकडूनही वाळलं होतं. मीही असंच गुपचूप दुसरं आणून लावलं. घरी आल्यावर तीसुद्धा एवढंच म्हणाली होती.”