बंद गिरणीतलं भूत

खेळ रंगला तर दमयंतीची मॅनेजरची खुर्ची पक्की होती. मंदीचं साल होतं. परळला जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या त्या ऑफिसातून एकाला काढायचं ठरलं होतं, आणि तरीही साहेबांना स्टाफचा मूड सुधारायचा होता. म्हणून तिने खेळासाठी टेबलावर बंद गिरणीचा नकाशा आणि पुठ्ठ्याचं भूत मांडलं आणि नियम सांगितला: भूत समोर आलं की फासा टाकायचा, चारपेक्षा कमी पडले तर तुमचा गडी घाबरून पळाला.

उत्तमला तीन पडले.

"पळालो बाबा!" तो हसत म्हणाला. "माझा बाप संपात याच गेटवर दीड वर्ष उभा होता, आणि पोरगा बघा, पुठ्ठ्याच्या भुताला भ्याला!"

सगळे हसले. मग साहेबांनी फासा टाकला. दोन पडले. हसणं थांबलं. साहेबांनी फाशाकडे नाही, दमयंतीकडे पाहिलं.

"सर, लीडरला हा नियम लागत नाही," ती घाईघाईने म्हणाली. "लीडर घाबरत नसतो."

"करेक्ट," साहेब म्हणाले आणि उत्तमकडे वळले. "दडपण आलं की माणूस कळतो, काय?"

सोमवारी दमयंतीला खुर्ची मिळाली. तिच्यावर बसून पहिलं काम तिने केलं ते उत्तमला केबिनमध्ये बोलावण्याचं. तो दडपणाखाली टिकत नाही, असं कारण तिने सांगितलं.



फाशात हरले साहेब, घाबरली दमयंती, आणि नोकरी गेली उत्तमची.